आणि चार मुली

दाढ

बरा झालो म्हणून हे लिहीत नाही. हा आजार बरा होत नाही, सांभाळावा लागतो. ज्यांच्या घरात कुणाचं रक्त वाहू लागलं की लवकर थांबत नाही आणि घरातले ते उष्णतेवर ढकलून मोकळे होतात, त्यांच्यासाठी लिहितो आहे. त्यातही बापांनी वाचावं, अशी विनंती आहे.

मी मालवणजवळ खाडीकाठच्या एका गावात राहतो आणि तिथल्याच हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. घरी बायको सुनंदा आणि धाकटी मुलगी केतकी. थोरली शर्वरी लग्न होऊन पुण्याला. पन्नाशी उलटेपर्यंत मी स्वतःसाठी इस्पितळाची पायरी चढलो नव्हतो आणि त्याचा मला थोडा तोराही होता.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दाढ ठणकायला लागली. कसालला दातांच्या डॉक्टरकडे गेलो. दाढ काढण्याआधी त्याने नीट विचारलं, "मास्तर, पूर्वी कधी रक्त थांबायला त्रास झालाय?"

मी म्हणालो, "नाही."

खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. लहानपणी माझा घोळणा सारखा फुटायचा. खडकावर कालवं काढताना गुडघा आपटला तर तो शहाळ्यासारखा फुगायचा. आई सब्जाचं पाणी पाजायची, डोक्यावर गार पाणी थापायची आणि म्हणायची, "तुझ्या अंगात गरमी आसा, बाबू." आमच्याकडे हा आजार धरत नाहीत, प्रकृती धरतात. आणि डॉक्टर प्रकृतीबद्दल विचारत नव्हता.

आईला एक भाऊ होता, माझा मामा. ऐन तरुणपणी होडी वाळूवर ओढताना तिची कड त्याच्या मांडीवर बसली. मांडी काळीनिळी पडून फुगत गेली आणि काही दिवसांत तो गेला. घरात ठरलं की देवचाराचा फटका बसला. देवचार म्हणजे जागेचा अदृश्य राखणदार. वर्षातून एकदा त्याला कोंबडा आणि नारळ द्यायचा, त्याला आम्ही राखण म्हणतो. माझं रक्त वाहू लागलं तेव्हा आईने आमच्या जागेच्या देवचाराला बोलून ठेवलं : माझ्या मुलाच्या रक्ताऐवजी दरवर्षी कोंबड्याचं रक्त घे. ती गेल्यावरही मी राखण चुकवली नाही. इतिहास शिकवणारा माणूस मी. पण चाललंय ना, मग चालू दे, असं वाटायचं.

दाढ काढली त्या संध्याकाळी रक्त थांबलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं.

"ओ, ह्यां काय बरा दिसणा नाय," सुनंदा म्हणाली. "चला डाक्टराकडे."

"दाढ काढलंय तर रगात येतलाच. सोलकढी दी."

शेजारचा गजा मासेमारी करतो. तो डब्यातून बर्फ घेऊन आला. "मास्तर, बांगड्यांचो बर्फ आसा. वास येतलो, पण गार आसा. लावा गालाक." बांगड्याचा वास मारणारा तो बर्फ गालाला लावून मी शाळेत जात राहिलो. उशी लाल, रुमाल लाल. तोंडात सतत लोखंडाची चव. मुलं पहिल्या बाकावरून माझ्या ओठांकडे बघायची. एक दिवस शाळेच्या जिन्यात डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी खाली बसलो, तो उठलोच नाही.

"मामा कसा गेला?"

आमच्याकडे फार झालं की गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेतात. मलाही तिथेच नेलं. रक्त तपासलं, पुन्हा तपासलं, मग एक डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की माणसाने समजावं.

"तुमच्या आवयक भाव आसलो?" त्यांनी कोकणीत विचारलं.

"होतो. तरणोताठोच गेलो. देवचारान मारल्यान."

"मारल्यान म्हणजे? जालें कितें?"

मी होडीचं, मांडीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "देवचार न्हय तो, मास्तर," त्या म्हणाल्या आणि समजावून सांगायला मराठीवर आल्या. रक्त गोठवणारी एक गोष्ट माझ्या शरीरात जन्मापासून कमी आहे. अगदीच नाही असं नाही, म्हणून पन्नाशी गाठली. आजाराचं नाव हिमोफिलिया, त्यातला बी प्रकार. तो आईकडून आला, मामाही त्यानेच गेला असणार.

मी भिंतीकडे बघत होतो. मग एकदम एक विचार आला आणि मी तो मोठ्याने बोलूनही गेलो. "बरं झालं, मला मुलगा नाही. दोन्ही मुलीच. म्हणजे हे माझ्यापाशीच संपलं."

बाईंनी हातातलं पेन बंद केलं. "उलट आहे, मास्तर. मुलगा असता तर तो सुटला असता. बापाकडून हे मुलाला जात नाही, मुलींना जातं. दोघींनाही."

माझी दाढ, माझं रक्त, मरणाची भीती, सगळं त्या एका वाक्याने मागे पडलं. थोरली तेव्हा गरोदर होती.

"तिला इकडे घेऊन या," बाई म्हणाल्या. "बाळंतपणाच्या खूप आधी. तिचं रक्त किती थांबतं ते कळायला हवं. आणि मुलगा झाला तर जन्माच्या वेळी बाळाला जपावं लागेल." जाता जाता, मी इतिहासाचा शिक्षक म्हणून, मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "रशियाच्या शेवटच्या झारच्या घरात हेच होतं. तुम्ही शिकवत असाल."

वॉर्डात

शिकवत होतो. वर्षानुवर्षं मी तो धडा एकाच वाक्याने रंगवत आलो : "झारला एक आजारी मुलगा होता, आणि चार मुली." पुढे सगळी गोष्ट मुलाची. त्याचं दुखणं, आईची तगमग, तो लांब दाढीचा साधू. वर्ग गप्प होऊन ऐकायचा. मुलींचा उल्लेख पुन्हा यायचा तो एकदम शेवटी, सगळं कुटुंब मारलं गेलं तेव्हा.

वॉर्डात सकाळी रक्त घ्यायचे, मग शिरेतून औषध, मग डॉक्टरांची फेरी, मग नुसतं पडून राहणं. मला शिंकेची भीती वाटायची, खोकल्याची वाटायची. जीभ दाढेच्या खड्ड्याकडे जाऊ नये म्हणून मी दात आवळून पडायचो. सुनंदा गाळलेली पेज गार करून चमच्याने भरवायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने मला कधी भरवलं नव्हतं. पलीकडच्या खाटेवर पेडण्याचा एक म्हातारा होता. तो दर वेळी म्हणायचा, "बायलेन पेज भरयली म्हणजे मनीस बरो जाता." तेवढ्यापुरतं हसू यायचं.

रक्त थांबलं. बाकीच्या वेळात मी मोबाइलवर त्या चार मुलींबद्दल वाचू लागलो.

राजाच्या मुली, पण साध्या कडक खाटांवर झोपायच्या आणि सकाळी गार पाण्याने आंघोळ करायच्या. चौघी आपल्या नावांची पहिली अक्षरं जोडून एकच सही करायच्या. महायुद्ध सुरू झालं तेव्हा थोरल्या दोघी आईबरोबर परिचारिकेचं काम शिकल्या आणि जखमी सैनिकांच्या मलमपट्ट्या करू लागल्या. म्हणजे रक्त त्यांनी जवळून पाहिलं. भावाचं दुखणं बाहेर कळू द्यायचं नाही, ही घराची रीत. देशाला वाटायचं राणी गर्विष्ठ आहे, म्हणून लोकांत मिसळत नाही. प्रत्यक्षात आत मुलगा तळमळत असायचा आणि बहिणी पाहुण्यांपुढे हसत बसायच्या. तिसरीच्या घशाच्या गाठी काढल्या तेव्हा इतकं रक्त गेलं म्हणे की डॉक्टरच घाबरला. त्यांच्या हाडांच्या तपासण्या आपल्या काळात झाल्या आणि एका बहिणीत हाच दोष सापडला. प्रकारही माझाच.

ती हाडं होईपर्यंत त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मी त्यांच्यावर एक वाक्य खर्च केलं होतं.

मोबाइल पालथा ठेवला. माझ्या डोळ्यांपुढे त्या राजकन्या नव्हत्या. दहावीतली शर्वरी होती. दर महिन्याला पाळी आली की घरी पडून राहायची, पांढरीफटक दिसायची, आणि मी, वडील आणि वर तिच्याच शाळेतला शिक्षक, तिला आळशी म्हणायचो. सुनंदा तिला कोकमाचं पाणी द्यायची. उष्णता.

गप्प

घरी जायच्या आदल्या दिवशी मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती खाटेच्या दांडीला धरून उभी राहिली. मग हळू म्हणाली, "आधी केतकीचा लगीन ठरांदे."

केतकीला शिरोड्याचं स्थळ आलं होतं. मुलगा बरा, माणसं बरी. बघायला येणार होते.

"आणि शर्वरीक काय सांगाचा?"

"तिका आता कित्याक भिवडावतास? बाळंतीण होऊन सुखरूप सुटांदे. मगे सांगू."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर, मला कुणीतरी गप्प बसायला सांगावं याची मी वाटच बघत होतो. सुनंदाने ते ओझं उचललं आणि मी ते तिच्यावर राहू दिलं. गावात सांगितलं, दाढ पिकली होती. मुलींनाही तेच.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. शर्वरी पोट सांभाळत आली, आणि त्यानंतर मी भीतीतच जगलो. तिच्या दंडावर कपाटाचं दार लागून एक डाग उठला होता. तो जांभळा झाला, हिरवा झाला, जाता जाईना. मी चहा घेता घेता तो डाग बघायचो. तिने ब्रश करून चूळ भरली की बेसिनमध्ये डोकावायचो. एकदा तिने पकडलं.

"बाबा, काय बघताय?"

"नळ गळतोय का बघतोय."

"नळ वर असतो, बाबा."

तिचं नाव तालुक्याच्या एका लहान प्रसूतिगृहात घातलं होतं. चांगली माणसं होती ती. पण त्यांना काही माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. रोज ठरवायचो, आज बोलू. रोज वाटायचं, ती आता कुठे जेवायला बसली आहे. आता कुठे हसते आहे. झारच्या घरातही असंच होत असेल. दार लावून घेताना प्रत्येकाला वाटत असेल, आपण आतल्यांना जपतोय.

राखण

राखणीच्या दिवशी जावई निखिल पुण्याहून आला. मुलगा गुणी आहे. मालवणी बोलता येत नाही, पण गाऱ्हाण्याला, म्हणजे देवाला मोठ्याने घातलेल्या साकड्याला, "व्हय म्हाराजा" म्हणायची त्याला भारी हौस. आमच्या माडांच्या बागेच्या टोकाला एक दगड आहे, तीच देवचाराची जागा. बायका तिथे येत नाहीत. माझे चुलते तात्या, गजा, दोघे चुलत भाऊ, निखिल आणि मी. कोंबडा पाय बांधून ठेवलेला.

तात्या ऐंशीच्या घरातले, पण गाऱ्हाणं घालताना आवाज खाडीपलीकडे जातो.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जागेचो जो कोण राखणदार आसात, तेका सालाबादप्रमाणे कोंबो नि नारळ ठेवलेलो आसा, तो गोड मानून घे..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराच्या आवशीन बोलल्याप्रमाणे ह्येच्या रगताची राखण कर..."

"व्हय म्हाराजा!"

निखिल मध्येच म्हणाला, "तात्या, शर्वरीच्या डिलिव्हरीचं पण सांगा ना."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिचो बापूस हंय उभो आसा. बापाशीन सांगूचा ता. सांग रे बाबू."

आमच्याकडे गाऱ्हाण्यात गुळमुळीत बोलून चालत नाही. काय हवंय आणि कशासाठी, ते नाव घेऊन, सगळ्यांदेखत सांगायचं. देवाला अंदाज लावायला लावायचा नाही. मी पुढे झालो. हात जोडले. सुखरूप सुटू दे, एवढं म्हणून मागे सरायचं असं मनात होतं.

"बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाचा बाळंतपण जवळ इला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

पुढचं वाक्य तयार होतं. ते आलंच नाही. आलं ते दुसरंच.

"माझ्या अंगात गरमी नाय. माका रगताचो आजार आसा."

"व्हय म्हाराजा!"

"माझ्या मामाक देवचारान मारूक नाय. तो ह्याच आजारान गेलो."

"व्हय म्हा..." गजाचा आवाज अर्ध्यावर तुटला.

"तो आजार मी माझ्या दोनय चेडवांका दिलंय. डाक्टरान सांगल्यान, थोरल्येक घेवन ये. मी न्हेऊक नाय. भियालंय."

"व्हय म्हाराजा!" एकटा निखिल खणखणीत म्हणाला. सवयीने, सुरात. मग त्याने बाकीच्यांचे चेहरे पाहिले. मग माझा. त्याचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"बाबा," तो म्हणाला, "काय म्हणालात तुम्ही?"

मी ते पुन्हा मराठीत सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण होतं, कारण आता समोर देव नव्हता. निखिल वळला आणि घराकडे जवळजवळ धावत गेला. तात्या मात्र दगडाकडे बघत उभे होते.

"इतकी वर्षां," ते पुटपुटले, "इतके कोंबे." मग वाकून त्यांनी त्या कोंबड्याचे पाय सोडले. तो दोन उड्या मारून करवंदीच्या जाळीत घुसला.

घरी आलो तेव्हा शर्वरी पडवीत बसली होती, मांडीवर सुपात लसूण घेऊन. निखिल गाडीची किल्ली शोधत होता. त्याला लगेच गोव्याला निघायचं होतं. सुनंदा आतल्या दाराशी पदर तोंडाला लावून.

शर्वरी रडली नाही. तिने दंड पुढे केला, तो डाग दाखवला. "म्हणजे हे?"

"हो."

"आणि दहावीत?"

"तेही असणार."

ती लसणीची एकच पाकळी सोलत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "तुम्ही आधी देवचाराला सांगितलंत, बाबा. मग मला."



नंतर

तिचं रक्त तपासलं. नुसता दोष पुढे नेणारी नव्हती ती. तिचंही रक्त उशिराच थांबणारं निघालं. बायकांना हा आजार होत नाही असं मी समजत होतो, पुष्कळजण समजतात. समजू नका. बाळंतपण त्या मोठ्या इस्पितळात, औषध उशाशी तयार ठेवून झालं. रक्त गेलं, भरपूर गेलं. दाराबाहेर निखिल माझ्या शेजारी बसला होता, पण आमच्यामध्ये एक खुर्ची रिकामी ठेवून. आतून परिचारिका येऊन रक्ताची पिशवी आत घेऊन गेली की आम्ही दोघेही उठायचो आणि पुन्हा बसायचो. शेवटी त्याच डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "थांबलं," त्या म्हणाल्या. "आम्हाला माहीत होतं, म्हणून." निखिलने तेव्हा मधल्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला. एवढंच. मला ते पुष्कळ होतं.

मुलगी झाली.

केतकीने शिरोड्याच्या मुलाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. "विचारून कळवतो," म्हणाला. अजून विचारतायत. ती म्हणते, "नाय कळवल्यानी तरी कळलाच ना." यंदा तो धडा शिकवताना मी फळ्यावर आधी चार मुलींची नावं लिहिली आणि मग भावाचं. मुलांना फरक कळला नाही. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने मात्र ती चारही नावं वहीत उतरवून घेतली.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर आईकडची माणसं आठवा. कोण कसा गेला ते विचारा. दात काढण्याआधी, टाका घालण्याआधी डॉक्टरला "प्रकृती"सुद्धा सांगा. आणि मुलींना सांगा. लग्न ठरायची, बाळंतपण उरकायची वाट बघू नका. त्या घाबरतील. आपण घाबरतो, त्यापेक्षा कमीच घाबरतात.

बारशाला सोनार कान टोचायला आला होता. सुनंदाने बाळाला आंघोळ घालून, तीट लावून तयार ठेवलं होतं. गजा तांदळाची पिशवी घेऊन आला आणि पाळण्यात डोकावून म्हणाला, "चेडू झाला, बरा झाला. सुटलात, मास्तर."

ते माझेच शब्द होते. मी घाईने शर्वरीकडे पाहिलं. तिने सोनाराला सांगितलं, "आज नाही. थोडी मोठी झाली की रक्त तपासायचंय, मग बघू."

"कान उघडे बरे दिसणत नाय गो," सुनंदा म्हणाली.

"राहू देत उघडे."

मी पाळण्याची दोरी धरली. म्हणालो, "हिला कळायला लागलं ना, की मी स्वतः हिला..."

"मी सांगेन, बाबा," शर्वरी म्हणाली. रागाने नाही. "तुम्हाला उशीर होतो."

तपासणी अजून व्हायची आहे. रोज सकाळी मी पाळण्याशी जातो, नातीचे पाय बघतो, दंड बघतो, कुठे डाग नाही ना ते बघतो. मग तिचे न टोचलेले कान बघतो. शर्वरी दारातून माझ्याकडे बघत असते. आता ती मला काय बघताय असं विचारत नाही. आणि मी नळाचं निमित्त सांगत नाही.